या जमिनीत धान होईल का?

पावसाळ्यात यवतमाळहून पांढरकवडा आणि वणी या मार्गाने प्रवास करताना बसच्या खिडकीतून बाहेर पाहा. दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन दिसते. मधूनमधून तुरीच्या ओळी असतात. वणी सोडून वर्धा नदी ओलांडली, की चंद्रपूर जिल्हा लागतो. तिथून पूर्वेला मूल, सिंदेवाहीकडे गेलात, की देखावा पार बदलतो. लहान लहान चौकोनी शेते, त्यांच्याभोवती मातीचे बांध, आत घोटाभर पाणी आणि पाण्यात हिरवीगार रोपे. या बांधलेल्या शेतांना तिकडे 'बांधी' म्हणतात आणि पिकाला म्हणतात 'धान'. कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात यालाच 'भात' म्हणतात. उर्दूतही आपण धान हाच शब्द वापरतो, म्हणून या पाठात मीही तोच वापरणार आहे.

वणीपासून मूल सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. एवढ्याशा अंतरात पीक का बदलते? आणि तुमच्या घरी बिर्याणीसाठी भिजत घातलेला तांदूळ आपल्या जिल्ह्यात का पिकत नाही?

"पाणी नाही म्हणून," असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. ते अर्धेच खरे आहे. आपल्या जिल्ह्यात आता बऱ्याच ठिकाणी पाणी पोहोचले आहे. पैनगंगेवर इसापूरचे धरण आहे. पूस नदीवर पुसदजवळ धरण आहे. दिग्रसजवळ अरुणावतीचे धरण आहे. बाभुळगाव तालुक्यात बेंबळा नदीवर मोठे धरण बांधले आहे. कालवा वावराजवळून वाहू लागला, की शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येतो, 'आता कापूसच कशाला? धान लावले तर?' हा विचार वाईट नाही. पण तो तपासून पाहायला हवा. एक हेक्टर जमीन सपाट करणे, बांध घालणे, चिखलणी, रोवणीची मजुरी, खत या सगळ्याला आधी पैसा लागतो आणि तो पुष्कळदा कर्जाऊ आणलेला असतो. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांना कर्जाने ग्रासले आहे, हे मी तुम्हांला वेगळे सांगायला नको. पीक हातात आल्यावर 'जमीन योग्य नव्हती' असे कळून काय उपयोग? ते आधी कळले पाहिजे. कसे कळते, ते आज पाहू.

प्रथम काही शब्द. उर्दूत 'आबपाशी' म्हणतात, त्याला मराठीत 'सिंचन' किंवा 'ओलीत' म्हणतात. आपल्याकडचे शेतकरी 'ओलिताची शेती' असेच म्हणतात. 'बारानी' म्हणजे 'कोरडवाहू', 'नहर' म्हणजे 'कालवा', 'जरखेज' म्हणजे 'सुपीक'. 'जमीन' आणि 'खरीप' हे शब्द तर तुम्हांला शिकवावेच लागत नाहीत. जमिनीच्या कारभारात उर्दू-फारसी शब्द इतके मुरले आहेत, की तलाठ्याच्या दप्तरात बसलात तर निम्मी भाषा तुम्हांला घरचीच वाटेल.

जमिनीची प्रतवारी करणे ही आजची कल्पना नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात शेतसारा ठरवण्यासाठी मोजणी झाली. तिचे नियम १८४७ साली एका अहवालात एकत्र करण्यात आले. मोजणीदार प्रत्येक शेतात जाऊन खड्डा खणून माती किती खोल आहे ते पाहत आणि खोली 'हाता'ने मोजत. उत्तम काळी माती पावणेदोन हात, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर खोल असली, तर त्या जमिनीला पूर्ण सोळा आणे मिळत. तीच माती पाव हात खोल असली तर साडेचार आणे. मग दोष पाहिले जात. मातीत चुनखडीचे खडे आहेत का, वाळू आहे का, उतार आहे का, पुराचे पाणी वरून वाहते का, पाणी साचून राहते का? प्रत्येक दोषाला प्रत एकेक पायरी खाली येई. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि पुढे १८६० नंतरच्या दशकात वऱ्हाडातही याच पद्धतीने मोजणी सुरू झाली. तेव्हा आपला जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव १९०५ साली आले.

मला या जुन्या मोजणीदारांचे कौतुक वाटते. हातात प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. पहार, दोरी आणि डोळे एवढीच साधने. तरीही त्यांनी पाहिलेल्या बहुतेक गोष्टी आजचे शास्त्रज्ञही पाहतात. मात्र त्यांच्या पद्धतीत एक उणीव होती. त्यांचा प्रश्न होता, 'ही जमीन किती चांगली?' सारा ठरवायला तो पुरेसा आहे. शेतकऱ्याला मात्र विचारायचे असते, 'ही जमीन कशासाठी चांगली?' कपाशीला उत्तम असलेली जमीन धानाला कमी पडू शकते. कपाशीच्या मुळांना हवा लागते. चार दिवस पाणी साचले, तर पऱ्हाटी पिवळी पडते. धानाच्या रोपात वरची हवा खाली मुळांपर्यंत नेणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून ते पाण्यात उभे राहू शकते. एकाचा दोष तो दुसऱ्याचा गुण.

१९७६ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जमिनीच्या मूल्यमापनाची एक चौकट प्रसिद्ध केली. तिचा पाया हाच आहे, की आधी पीक आणि पद्धत ठरवा, मग जमीन तपासा. तिच्यात जमिनीचे पाच वर्ग आहेत. अत्यंत योग्य, मध्यम योग्य, जेमतेम योग्य, सध्या अयोग्य आणि कायमची अयोग्य. 'सध्या अयोग्य' आणि 'कायमची अयोग्य' यांतला फरक नीट लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येईल. योगायोग असा, की त्याच १९७६ साली आपल्या देशात मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय नागपूरला अमरावती रोडवर आहे. मातीचे नकाशे आणि पिकांनुसार जमिनीची योग्यता ठरवण्याचे काम ती करते.

आता आपण स्वतः एक गाव तपासू. गाव कल्पनेतले आहे, पण जिल्ह्यातल्या शंभर गावांसारखे आहे. एका बाजूला टेकडी, खाली नाला, मध्ये उतरती जमीन. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून हा खडक झाला. तो झिजून जी माती बनते, ती पावसाच्या पाण्याबरोबर खाली सरकते. म्हणून टेकडीजवळ माती पातळ आणि मुरमाड, मध्यावर मध्यम, नाल्याकाठी खोल आणि काळीभोर. पूर्वेला वणीकडे चुनखडी, वालुकाश्म आणि कोळसाही आहे, त्यामुळे तिथली माती जागोजागी बदलते. आपण तीन वावरे घेऊ. पहिले टेकडीच्या पायथ्याशी असलेले बरड, दुसरे मधले, तिसरे नाल्याकाठचे.

सुरुवात उताराने करू. गवंडी पाण्याची पारदर्शक नळी वापरून दोन भिंतींची पातळी जुळवतात, ते तुम्ही पाहिले असेल. त्याच नळीने शेताचा उतार मोजता येतो. शंभर मीटर चालल्यावर जमीन एक मीटर खाली गेली, तर उतार एक टक्का. धानाला बांधीत सगळीकडे सारखे पाणी हवे. एका कोपऱ्यात पाच सेंटिमीटर आणि दुसऱ्यात वीस असे चालत नाही. म्हणून उतार एक टक्क्याच्या आत असला तर उत्तम.

बरड वावराचा उतार चार टक्के आहे. तिथे वीस मीटर रुंदीची बांधी करायची म्हटले, तर वरची कड खालच्या कडेपेक्षा ८० सेंटिमीटर उंच असेल. सपाट करायला वरच्या कडेला ४० सेंटिमीटर माती खोदून खाली टाकावी लागेल. पण तिथे माती आहेच मुळी ३० सेंटिमीटर! म्हणजे खाली मुरूम उघडा पडणार. बांधी दहा मीटरचीच केली तर २० सेंटिमीटर खोदावे लागेल, आणि वरच्या कडेला दहा सेंटिमीटर माती उरेल. एवढ्याशा मातीत धान कसे उभे राहणार? मधल्या वावराचा उतार दोन टक्के आहे आणि माती ७० सेंटिमीटर. तिथे वीस मीटरच्या बांधीला २० सेंटिमीटर खोदावे लागते, ५० उरतात. जमते, पण वरचा सुपीक थर हलतो आणि खर्चही होतो. नाल्याकाठच्या वावराला उतार अर्धा टक्का. तिथे पाच सेंटिमीटरचे काम.

एका साध्या त्रैराशिकाने केवढा निर्णय होतो, पाहिलेत? गणिताच्या तासाला 'याचा उपयोग काय' असे विचारणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आता मातीचा पोत. मूठभर माती घ्या, खडे काढा आणि पाणी घालून कणकेसारखी मळा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबून तिची पट्टी काढा. पट्टी निघालीच नाही, तर वाळू जास्त. दोन-तीन सेंटिमीटरवर तुटली, तर मध्यम. पाच सेंटिमीटरहून लांब, गुळगुळीत पट्टी निघाली, तर चिकणमाती भरपूर आहे. नाल्याकाठच्या काळ्या मातीची पट्टी लांबच लांब निघते आणि बोटांना अशी चिकटते, की धुता धुता नाकीनऊ येतात. धानाला हा चिकटपणा हवा असतो, कारण तो पाणी धरून ठेवतो.

पण डोळ्यांनी आणि बोटांनी ठरवण्यापेक्षा मोजलेले बरे. दोन्ही टोके कापलेला पत्र्याचा डबा जमिनीत दहा सेंटिमीटर ठोका. आधी आत-बाहेर भरपूर पाणी ओतून माती रात्रभर भिजू द्या. ही पायरी गाळू नका. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरड्या जमिनीत पाणी ओतले तर ते भेगांतून गडप होते आणि 'ही जमीन पाणी धरत नाही' असा उलटाच निष्कर्ष निघतो. तीच माती भिजून फुगली, की भेगा मिटतात. दुसऱ्या दिवशी डब्यात पाणी भरा, वर झाकण ठेवा आणि पट्टीने पाहा, चोवीस तासांत ते किती मिलिमीटर उतरले.

समजा, नाल्याकाठी चिखलणी केलेल्या जमिनीत रोज अडीच मिलिमीटर पाणी मुरते, आणि बरडावर वीस. शेतात पाणी ठेवायचे दिवस शंभर धरा. पाने आणि पाण्याचा पृष्ठभाग यांतून हवेत उडणारे पाणी रोज साडेपाच मिलिमीटर, म्हणजे शंभर दिवसांत ५५०. चिखलणीला सुरुवातीला २०० लागतात. मुरणारे पाणी नाल्याकाठी २५०, बरडावर २०००. एकूण बेरीज नाल्याकाठी १००० मिलिमीटर, आणि बरडावर २७५०. बरडावर धान लावणे म्हणजे चाळणीत पाणी साठवणे.

हजार मिलिमीटर! आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण ९०० ते ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. मग ओलिताची गरजच काय, असे कोणी विचारील. पाऊस काही मोजून रोज दहा मिलिमीटर पडत नाही. एका रात्रीत शंभर पडतो आणि नाल्याने वाहून जातो. मग तीन आठवडे आभाळ कोरडे. शेतकरी याला पावसाचा 'खंड' म्हणतात. म्हणून या हजारांतले ५०० मिलिमीटर पावसाने भागतील असे धरू. उरलेले ५०० कुठून तरी द्यावे लागतील. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे पन्नास लाख लिटर झाले.

शेततळ्यातून देऊ म्हणाल, तर हिशोब करा. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्याला बाजूंचा उतार सोडून सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. बाष्पीभवन आणि गळती मुळीच झाली नाही असे मानले, तरी एका हेक्टरला अशी दोन तळीसुद्धा पुरत नाहीत. कालव्यातून देऊ म्हणाल, तर कालव्याचे पाणी पाळीने येते. हरभरा दोन पाळ्यांमध्ये तीन आठवडे थांबू शकतो. लोंबी बाहेर पडण्याच्या वेळी धान थांबत नाही. त्या काळात शेत सुकले तर दाणे पोचट राहतात. उन्हाळी धानाचा विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. धान फुलावर असताना तापमान ३५ अंशांच्या वर गेले, तर परागकण निकामी होऊ लागतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हे तुम्हांला माहीतच आहे.

आता मातीचे रसायन. तिसऱ्या वावरातल्या मातीचा गोळा घेऊन त्यावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाका. (हे शाळेच्या प्रयोगशाळेत आणि शिक्षकांसमोरच करायचे.) फसफस झाली तर मातीत चुना आहे. आपल्या खोल काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे पुष्कळदा डोळ्यांनीही दिसतात. अशा मातीचा सामू आठच्या वर असतो. धानाला साधारण साडेपाच ते सात सामू मानवतो. पाणी भरून ठेवल्यावर तो थोडा खाली येतो, ही जमेची बाजू. पण चुनखडीच्या जमिनीत जस्त असूनही रोपाला मिळत नाही. मग रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर तांबूस तपकिरी ठिपके पडतात आणि वाढ खुंटते. याला 'खैरा' रोग म्हणतात. तो बुरशीमुळे किंवा किडीमुळे होत नाही, जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली पंतनगर येथे दाखवून दिले. झिंक सल्फेट दिले की तो आटोक्यात येतो. २०१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात सामू, क्षार, जस्त, लोह यांचे आकडे असतात. तुमच्या घरी शेती असेल तर ती पत्रिका ट्रंकेतून बाहेर काढा आणि वाचा. फार थोड्या घरांत ती वाचली जाते.

एवढे तपासल्यावर तुम्ही म्हणाल, तिसरे वावर पास! थांबा. अजून एक प्रश्न राहिला, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. त्या वावरातले पाणी बाहेर कुठे जाते?

धानाला पाणी साचलेले हवे, मग बाहेर काढायचे कशाला? खत देताना पाणी कमी करावे लागते. कापणीच्या दहा-बारा दिवस आधी शेत कोरडे करावे लागते. अतिवृष्टीत कोवळी रोपे बुडू नयेत म्हणूनही वाट हवी. वाट नसेल, तर पाणी आणि त्यातले क्षार तिथेच राहतात. पाणी साचून कायमची ओली झालेल्या जमिनीला मराठीत 'चिबड' म्हणतात. क्षार वर आले तर 'खारवट' आणि सोडियम वाढून माती दगडासारखी घट्ट झाली तर 'चोपण'. हे तिन्ही शब्द नीरेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहेत. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला. काळ्या जमिनीला भरपूर पाणी मिळाले, ऊस उभा राहिला, आणि काही दशकांतच सखल भागातल्या जमिनी चिबड आणि खारवट होऊ लागल्या. पाणी आणण्याची सोय केली होती, काढण्याची नव्हती. पुढे सांगली, कोल्हापूरकडेही हेच घडले. तिथे आज जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून पाणी काढावे लागते, आणि तो खर्च एकट्या शेतकऱ्याला पेलत नाही.

आपल्या तिसऱ्या वावराजवळ नाला आहे, पण तो गाळाने भरला असेल आणि त्याचा तळ वावराच्या पातळीला आला असेल, तर पाणी जाणार कसे? अशा वेळी ती जमीन 'सध्या अयोग्य' ठरते. नाला खोल केला, चर काढला, की तीच 'मध्यम योग्य' होते. 'अत्यंत योग्य' होत नाही, कारण चुना आणि सामू कायम आहेत. नियम असा, की सर्वांत कमजोर गुणावरून वर्ग ठरतो. नऊ विषयांत चांगले गुण आणि एका विषयात नापास, तर प्रगतिपुस्तकावर काय येते, ते तुम्हांला माहीत आहे. मधले वावर 'जेमतेम योग्य', आणि बरड 'कायमचे अयोग्य'. तिथे आणखी माती आणणे कोणालाच परवडणार नाही.

पाण्याच्या वाटेबरोबर शेजाऱ्याचाही विचार करावा लागतो. धुऱ्यापलीकडे त्याची पऱ्हाटी उभी आहे. तुमच्या बांधीतले पाणी जमिनीतून झिरपत तिकडे गेले, तर त्याची मुळे गुदमरतील. म्हणून धान करायचे तर एकेकट्याने मधेच करू नये. लागून असलेल्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एका पट्ट्यात करावे आणि पट्ट्याच्या कडेने चर काढावा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हे पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. तिथे पाऊस आपल्यापेक्षा जास्त, पुष्कळ ठिकाणी खडक आणि माती वेगळी, आणि गावोगाव जुने मालगुजारी तलाव आहेत. तलाव वर, बांध्या खाली, आणि एका बांधीतले पाणी दुसरीत उतरते. जमीन, पाणी आणि माणसे यांची ती एकत्र बसलेली घडी आहे. त्यातली फक्त रोपे उचलून इकडे लावली, तर घडी येत नाही.

माणसांचे म्हणाल, तर रोवणी हे कसबाचे काम आहे. आपल्याकडच्या बायका कापूस वेचण्यात तरबेज. दिवसभर चिखलात वाकून ओळीत रोपे लावण्याची सवय थोड्यांनाच. धान भरडायला गिरणी लागते. १०० किलो धानापासून सुमारे ६७ किलो तांदूळ मिळतो, असे सरकारी प्रमाण आहे. जिनिंग कारखाने आपल्याकडे जागोजागी आहेत. धानाची गिरणी आणि खरेदी केंद्र किती लांब आहे, ते आधी विचारून घ्यावे. जमीन योग्य आणि बाजार दूर, असेही होते.

आणि शेवटी तेच पाणी दुसऱ्या पिकाला दिले तर? एका हेक्टर धानाला कालव्यातून ५०० मिलिमीटर लागले. हरभऱ्याला साठ मिलिमीटरची दोन पाणी दिली तर १२० मिलिमीटर झाले. म्हणजे तेवढ्याच पाण्यात चार हेक्टर हरभरा भिजतो. कपाशीला खंडाच्या काळात अशी तीन पाणी दिली, तरी पावणेतीन हेक्टर निघते. इसापूरच्या आणि पूसच्या पाण्यावर उमरखेडकडे ऊस आणि केळी आहेत; त्यांचा हिशोब तुम्ही कराल तर धानच काटकसरी वाटेल! कालव्याच्या शेवटी ज्याचे वावर आहे, त्याला विचारा. वरच्यांनी काय लावले, यावर त्याच्याकडे पाणी पोहोचते की नाही ते ठरते.

म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात धान नकोच, असे मी म्हणत नाही. नाल्याकाठच्या सपाट, खोल, पाण्याला वाट असलेल्या पट्ट्यात घरच्यापुरते धान होऊ शकते. पाणी कमी लागावे यासाठी उपायही निघाले आहेत. बांधीत सतत पाणी उभे न ठेवता भोके पाडलेली नळी जमिनीत पुरतात. नळीतले पाणी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटर गेले, की पुन्हा पाणी देतात. फुलोऱ्याच्या वेळी मात्र शेत ओलेच ठेवतात. 'श्री' पद्धतीत कोवळी, एकेक रोपे लांब अंतरावर लावतात आणि जमीन नुसती ओलसर ठेवतात. ती १९८० नंतर मादागास्कर बेटावर आकाराला आली. मात्र काळ्या जमिनीत या पद्धती वापरताना एक काळजी घ्यावी. पाणी तोडल्यावर ती भेगाळू लागली, तर पुढचे पाणी भेगांतूनच खाली जाते. भेग केसाएवढी असतानाच पाणी दिले पाहिजे.

स्वाध्याय

१. मधल्या वावरात (उतार दोन टक्के, माती ७० सेंटिमीटर) तीस मीटर रुंदीची बांधी केली, तर वरच्या कडेला किती माती उरेल? अशी बांधी कराल का? कारण लिहा.

२. 'सध्या अयोग्य' आणि 'कायमची अयोग्य' यांतील फरक पाठातील उदाहरणांनी स्पष्ट करा.

३. पुढील उर्दू शब्दांसाठी मराठी शब्द लिहा व वाक्यांत उपयोग करा : आबपाशी, नहर, जरखेज, बारानी.

४. 'चिबड', 'खारवट' आणि 'चोपण' यांपैकी कोणत्याही प्रकारची जमीन तुमच्या परिसरात आहे का? वडीलधाऱ्यांना विचारून पाच-सहा वाक्ये लिहा.

५. चार-चार जणांचे गट करा. गावाजवळच्या एखाद्या वावरात मालकाची परवानगी घेऊन खड्डा खणा. मातीची खोली मोजा, पट्टी काढून पाहा, डब्याचा प्रयोग करा आणि पाण्याला वाट आहे का ते शोधा. मग ते वावर धानासाठी कोणत्या वर्गात बसते ते ठरवा आणि आपला निर्णय मालकाला मराठीत समजावून सांगा. खड्डा बुजवायला विसरू नका. रात्री तिथून बैल जातात.